डोंगर चढणारी बोट

बाळांनो, वॉटफर्डच्या कॅसिओबरी पार्कातून जो कालवा जातो ना, त्यातल्या बोटी डोंगर चढतात. अगदी खरं सांगतोय. लंडनजवळ ब्रेंटफर्डला टेम्स नदी सोडून निघालेली बोट या कालव्यातून वर वर येत वॉटफर्ड गाठते. इथून पुढे ती चिल्टर्नच्या टेकड्यांकडे वळते आणि ट्रिंगच्या माथ्यावर पोचते, तेव्हा समुद्रसपाटीपासून सुमारे १२० मीटर उंचावर असते. तिचं इंजिन तिला फक्त पुढे नेतं. वर उचलायचं सगळं काम पाणी करतं.

हे कसं घडतं ते सांगतोच. पण आधी धाकटीचा प्रश्न घेऊ, कारण तो फार चांगला आहे. आयर्न ब्रिज लॉकपाशी उभं राहून तिने विचारलं, "आजोबा, बोट हा शब्द मराठी की इंग्लिश?"

मराठीत ‘ते बोट’ हाताचं आणि ‘ती बोट’ पाण्यातली. पाण्यातली बोट आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली आणि कोकणात अशी रुळली, की माझ्या लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे बोटीनेच जायचं. तो शब्द परका आहे असं कोणाच्या मनातही येत नसे. इंग्रजांकडे तो हजार वर्षांहून जुना. त्यांच्या जुन्या भाषेत त्याला ‘बात’ म्हणत. फ्रेंचांचा ‘बातो’ त्यावरूनच झाला. त्याच्याही मागे गेलं, तर अनेक भाषापंडितांना त्याचं मूळ ‘फोडणे, चिरणे’ या अर्थाच्या एका फार जुन्या धातूत दिसतं. संस्कृतात तोच धातू ‘भिद्’ म्हणून आहे. भेद, भेदणे, आपली भिंतसुद्धा त्यातलीच. चावण्याला इंग्रजीत ‘बाइट’ म्हणतात, तेही त्याच घरातलं. बोट म्हणजे बहुतेक ‘चिरून, कोरून काढलेली वस्तू’. झाडाचं खोड घ्यायचं, आतून कोरायचं आणि पाण्यात लोटायचं. ज्यांनी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला, त्यांच्या हातात कुऱ्हाड असणार.

आता आपल्या मराठीकडे या. गोठ्याशेजारी गुरांना पाणी पाजायला जी लांबट कोरलेली डोण असते, तिला डोणी म्हणतात. एकाच खोडातून कोरलेल्या लहान होडीलाही डोणीच म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘द्रोणी’वरून आला. द्रोण म्हणजे मुळात लाकडाचं भांडं. आपण पानांचा द्रोण करतो, त्यालाही तेच नाव. भरद्वाजांचा मुलगा द्रोणात जन्मला म्हणून द्रोणाचार्य झाला, ही महाभारतातली गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. आणि द्रोण शब्दाच्या पोटात आहे ‘द्रु’, म्हणजे झाड. देवदारातला ‘दारु’ त्याचाच भाऊ, आणि इंग्रजीतलं ‘ट्री’ हे त्याचं लांबचं भावंड. मालदीवच्या बेटांवर आजही होडीला ‘धोनी’ म्हणतात.

म्हणजे बघा, कुठे युरोपचा उत्तर किनारा आणि कुठे आपलं कोकण. एका शब्दाला झाड चिरल्याची आठवण आहे आणि दुसऱ्याला ते झाडच आठवतं.

ही झाली शब्दांची साक्ष. जमिनीतून निघालेली साक्षही आहे. नेदरलँड्समध्ये पेसे नावाच्या गावाजवळ १९५५ साली मोटाररस्ता बांधताना दलदलीतून पाइनचं एक कोरलेलं खोड निघालं. लांबी जेमतेम तीन मीटर. शास्त्रज्ञांनी त्याचं वय काढलं, तर ते इसवी सनापूर्वी ८०४० ते ७५१० च्या दरम्यानचं ठरलं. म्हणजे जवळजवळ दहा हजार वर्षांपूर्वीचं. जगात सापडलेली ही सर्वांत जुनी होडी. पण काही जण म्हणाले, ही होडी कशावरून? हे तर जनावरांना चारा घालायचं भांडं दिसतंय! २००१ मध्ये तशीच दुसरी कोरून पाण्यात सोडली. माणूस आत बसला, वल्हं मारलं आणि ती झकास चालली. ते पंडित डोण की होडी म्हणून वाद घालत होते. आमच्या आजीला विचारलं असतं, तर तिने एका शब्दात दोन्ही सांगून टाकलं असतं.

आता थोरल्याची शंका. लाकूड तर असंही तरंगतं, मग कोरायचे कष्ट कशाला? गणित करू. एक घनमीटरचं खोड घ्या. त्याचं लाकूड ६०० किलो भरतं असं धरा. पाण्याचा एक घनमीटर म्हणजे १००० किलो. सिराक्यूसच्या आर्किमिडीजने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सांगितलं, की तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते. म्हणून हे खोड ६०० लिटर पाणी सारून तरंगेल आणि त्यावर आणखी ४०० किलो ठेवले की बुडायच्या बेताला येईल. आता त्याचा दोन तृतीयांश भाग आतून कोरून टाका. लाकूड उरलं २०० किलो, पण बाहेरचा आकार तोच राहिला. आता तेच खोड ८०० किलो पेलेल. शिवाय नुसतं गोल खोड पाण्यात लोळतं, त्यावर बसणारा उलटतो. कोरलेल्यात माणूस खाली, पोटात बसतो. वजन खाली गेलं की डोलणं कमी होतं. कोकणात डोणीच्या बाजूला उलांडी बांधतात, म्हणजे आडव्या दांड्यांना जोडलेलं एक हलकं लाकूड, त्यामुळे ती सहसा उलटत नाही. खोड हलकं करून जास्त ओझं पेलायचं, हा शोध ज्याने लावला त्याला आकडे येत नव्हते. पण मला विचाराल तर चाकाच्या शोधाइतकाच तो मोठा आहे.

या कालव्यातल्या आजच्या बोटी पोलादाच्या असतात. पोलाद पाण्याच्या पावणेआठपट जड. तरी तरंगतात, कारण बाहेरून बघितलं तर पोलाद थोडं आणि आतली हवाच जास्त. घरी बादलीत स्टीलची वाटी सोडून बघा, मग तीच तिरकी करून पाणी आत जाऊ द्या. सतरा मीटर लांबीची बोट साधारण अठरा टन भरते. ती कालव्यात उभी असते, तेव्हा तिच्या पोटाखालून अठरा टन पाणी दूर गेलेलं असतं. हा अठराचा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

याच कालव्यावर पुढे मिल्टन कीन्सजवळ, कॉसग्रोव्हला, ग्रेट ऊज नदीवरून बोटी लोखंडी पन्हाळीतून जातात. ती पन्हाळ १८११ सालची. खाली नदी, वर कालवा. त्यावर अठरा टनांची बोट आली तर पन्हाळीवरचा भार किती वाढेल? काहीही वाढत नाही! बोट येते तेव्हा तिच्या वजनाइतकं पाणी आधीच मागेपुढे सरकून कालव्यात पसरलेलं असतं. पुलाला बोट आल्याचं कळतसुद्धा नाही.

थोरला या बोटींना बार्ज म्हणाला, तर काठावरच्या बोटवाल्या आजींनी प्रेमाने सुधारलं. ही नॅरोबोट. रुंदी फक्त सात फूट, लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत. बार्ज त्याहून पुष्कळ रुंद. गोव्यात मांडवीवर आणि झुआरीवर लोहखनिज वाहतात त्या बार्ज. आणि हा बार्ज शब्द कुठून आला, तर बहुधा नाइलवरून. ग्रीक लोक इजिप्तच्या होडीला ‘बारिस’ म्हणत, आणि ते त्यांनी इजिप्तच्याच भाषेतून घेतलं होतं. हेरोडोटस नावाच्या ग्रीक लेखकाने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ही बारिस कशी बांधतात ते लिहून ठेवलं. बाभळीच्या जातीच्या लाकडाचे आखूड तुकडे विटांसारखे रचतात, असं त्याने लिहिलं. बरीच वर्षं अभ्यासकांना ते नीट उलगडत नव्हतं. पुढे समुद्रात बुडालेल्या थोनिस-हेराक्लिऑन या इजिप्तच्या बंदराच्या तळाशी पाणबुड्यांना तशीच बांधणी असलेलं जहाज सापडलं. २०१९ मध्ये त्यावरचा ग्रंथ निघाला, आणि हेरोडोटसचं वर्णन डोळ्यांनी बघून केलं असावं हे दिसलं.

पण मला सगळ्यांत प्रिय आहे ती आपली नाव. संस्कृतात नौ, ग्रीकांत नाउस, लॅटिनमध्ये नाविस, फारसीत नाव. हजारो मैलांवरची माणसं एकाच शब्दाने पाण्यात उतरत होती. ऋग्वेदात अश्विनांनी भुज्यूला समुद्रातून वाचवलं, ते शंभर वल्ह्यांच्या नावेतून. आरमाराची नेव्ही याच शब्दाची. बोट लागून पोटात ढवळतं त्याला डॉक्टर नॉशिया म्हणतात, तोही ग्रीक नाउसवरून. आणि कोळीवाड्यात होडीच्या मालकाला नाखवा म्हणतात ना, तो फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी. आपल्या नावेचा इराणी भाऊबंद नाखवा होऊन आपल्याकडे आला. सुकाणू मात्र अरबांचं, आणि आरमारातली गुराब ही युद्धनौकाही त्यांचीच. अरबीत गुराब म्हणजे कावळा.

याच शब्दाचं एक बाळ वॉटफर्डच्या मातीत राबलं आहे. लॅटिन नाविसवरून नाव चालवण्याला इंग्रजीत ‘नॅव्हिगेशन’ म्हणू लागले. पुढे बोटीच्या कालव्यालाही इथे नॅव्हिगेशन म्हणू लागले. मग ते खणणारे मजूर झाले ‘नॅव्हिगेटर’, आणि लोकांनी आखूड करून त्यांना ‘नॅव्ही’ म्हटलं. ज्यांनी समुद्र पाहिलाही नसेल अशा फावडेवाल्या माणसांना नावेचं नाव मिळालं. १७९३ साली पार्लमेंटने या, तेव्हाच्या ग्रँड जंक्शन, कालव्याचा कायदा केला, विल्यम जेसप मुख्य इंजिनिअर झाले आणि १८०५ मध्ये ब्लिसवर्थचा बोगदा पुरा झाल्यावर कालवा सलग झाला. १९२९ पासून त्याला ग्रँड युनियन म्हणतात. लंडन ते बर्मिंगहॅम १३७ मैल आणि १६६ लॉक, बहुतेक हातांनी खणलेलं. कॅसिओबरी तेव्हा एसेक्सच्या अर्लची बाग होती आणि पलीकडचं ग्रोव्ह क्लॅरेंडनच्या अर्लचं. ग्रोव्हजवळचा पांढरा नक्षीदार पूल त्याच अर्लसाहेबांच्या अटीमुळे तसा देखणा झाला. पुलाची तारीफ सगळे करतात. मला मात्र तिथून जाताना आधी ते नॅव्ही आठवतात.

त्यांची खरी परीक्षा इथल्या जमिनीने घेतली. वॉटफर्डच्या खाली चुनखडीचा पांढरा खडू आहे, शाळेच्या फळ्यावरचा नव्हे, पण तसाच सच्छिद्र. पाऊस पडतो तो त्यात झिरपतो आणि पार्कातल्या गेड नदीसारख्या झऱ्याच्या नद्यांतून नितळ होऊन बाहेर येतो. अशा खडूच्या नद्या जगात फार थोड्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक इंग्लंडातच. नदीला हे छान, पण कालव्याला वाईट, कारण वरून ओतलेलं पाणी खाली निघून जातं. म्हणून नॅव्हींनी चिकणमाती पाण्यात कालवली, तुडवली आणि तिचे थर तळाला व बाजूंना बसवले. कुठे कुठे तर तुडवायला गुरं हाकत नेत. चिकणमातीचे कण म्हणजे अतिसूक्ष्म चपटे पापुद्रे. तुडवून हवा निघाली की ते एकावर एक घट्ट बसतात आणि पाण्याला वाट मिळत नाही. मात्र ती वाळली की तडकते, म्हणून कालवा कधी कोरडा पडू देत नाहीत. ट्रिंगहून वेंडोव्हरला जाणारा फाटा इतका गळायचा, की जे पाणी त्याने माथ्याला पुरवायचं तेच तो पिऊन टाकू लागला. शेवटी बंद करावा लागला.

इंजिन यायच्या आधी बोट घोडा ओढत असे. काठाची पायवाट त्याच्यासाठीच. रस्त्यावर एक-दोन टनांची गाडी ओढणारा घोडा पाण्यावर पंचवीस-तीस टनांची बोट ओढायचा. जमिनीवर चाक घासतं, खड्ड्यात रुततं. पाणी हळू जाणाऱ्याला जवळजवळ अडवतच नाही. पण घाई केली की तेच पाणी रुसतं. वेग दुप्पट केला तर अडथळा साधारण चौपट होतो, शिवाय लाटा उठून काठ ढासळतात. म्हणून आजही इथे ताशी चार मैलांच्या वर जायची परवानगी नाही. दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले, तेव्हा तरुण मुलींनी शिकून याच कालव्यावर मालाच्या बोटी चालवल्या. एक इंजिनाची बोट आणि तिच्यामागे एक बिनइंजिनाची. इथली लॉक चौदा फूट रुंद असल्यामुळे दोघी शेजारी शेजारी मावत. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि मालवाहतुकीचा कणा मोडला. १९७० मध्ये साउथॉलच्या जॅमच्या कारखान्याला कोळसा नेणाऱ्या फेऱ्याही थांबल्या. त्या फेऱ्या वॉटफर्डवरूनच जात.

आणि आता डोंगर कसा चढायचा ते.

लॉक म्हणजे कालव्यात बांधलेली एक अरुंद खोली, दोन्ही टोकांना दरवाजे. खालच्या बाजूचं पाणी खाली, वरच्या बाजूचं माणूसभर उंच. वर जाणारी बोट खालच्या दाराने आत येते. दार लावायचं. मग लोखंडी हँडलने वरच्या बाजूची झडप उचलायची. पाणी आत येऊ लागतं आणि बोट त्याच्याबरोबर वर वर येते. आत-बाहेर पाणी सारखं झालं की वरचं दार उघडायचं, बोट निघाली पुढे. दरवाजे जोडीने लागतात, तेव्हा त्यांचं टोक वरच्या पाण्याकडे करतात. मग पाण्याचा कित्येक टनांचा रेटाच त्यांना एकमेकांवर घट्ट दाबून धरतो. तो रेटा असेपर्यंत पैलवान आणला तरी दार उघडत नाही, आणि पाणी समान झालं की धाकटीनेसुद्धा कमरेचा जोर लावला तर हलतं. असे टोकदार दरवाजे लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या शेवटी मिलानच्या कालव्यांसाठी काढले होते. पण दोन दारांची खोली त्याच्याही आधीची, चीनमधली. ९८४ साली चिआओ वेइयुए नावाच्या अधिकाऱ्याने ती बांधली. त्याआधी जहाजं उतरंडीवरून ओढून नेत. ती मोडत आणि त्यांतलं सरकारी धान्य चोरीला जाई.

इथल्या एका लॉकला दोन लाख लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे २०० टन. आता थोरल्या, वही काढ. वर जाणाऱ्या बोटीला जास्त पाणी लागतं की खाली येणारीला? लॉक रिकामं असताना सुरुवात करू आणि पुन्हा रिकामं झालं की हिशेब मिटवू.

वर जाणारी बोट आत शिरली. वरून २०० टन पाणी सोडलं. बोट कितीही जड असो, इतकंच लागतं, कारण तिच्या पोटाखालचा खड्डा तिच्याबरोबरच वर येतो. पण वरचं दार उघडून ती बाहेर पडली की तिच्या जागी लॉकमध्ये अठरा टनांची पोकळी राहते, आणि ती भरायला पाणी वरूनच येतं. वरच्या कालव्याचे गेले २१८ टन. उलट, खाली येणारीसाठी आधी लॉक भरलं, २०० टन. मग ती वरून आत शिरली, आणि शिरताना अठरा टन पाणी तिने वर परत ढकललं. वरच्या कालव्याचे गेले १८२.

बोट चढते तेव्हा नेमकं तिच्या वजनाइतकं जादा पाणी खाली उतरतं, आणि ती उतरते तेव्हा तितकंच पाणी वर राहतं. बोट लाकडाची असो, पोलादाची असो, कोळशाने भरलेली असो की आत फक्त एक म्हातारा आणि त्याचं कुत्रं असो, हा हिशेब एका लिटरनेही चुकत नाही. कोणी मोजत बसत नाही, तरी चुकत नाही. मला हे आजही नवल वाटतं.

जाणते बोटवाले यात आणखी बचत करतात. आपण वर चढून बाहेर पडलो की लॉक भरलेलंच असतं. समोरून खाली येणारी बोट दिसली तर ते दार तिच्यासाठी उघडंच ठेवतात. दोन बोटींचं काम ४०० ऐवजी २०० टनांत होतं. आणि माथा ओलांडणाऱ्या बोटीचं बघा. चढावाच्या शेवटच्या लॉकला २१८ टन, पलीकडच्या उताराच्या पहिल्याला १८२. बेरीज बरोबर ४००. बोटीचं वजन उडून गेलं, उरलं फक्त दोन लॉकचं पाणी. ते मात्र ट्रिंगच्या माथ्याला दर बोटीमागे द्यावंच लागतं, आणि माथ्यावर तर नदी नाही. म्हणून तिथे विल्स्टन, ट्रिंगफर्ड, स्टार्टॉप्स एंड आणि मार्सवर्थ असे चार तलाव केले आहेत. टेकड्यांवरच्या हिवाळी पावसाने ते भरतात आणि उन्हाळ्यात बोटींची ये-जा वाढली की त्यांचं पाणी पंपाने माथ्यावर चढवतात.